टिलरिंग करताना लाकडी धनुष्य पुन्हा पुन्हा मोडतंय? आधी तुकडे तपासा

पाऊण इंची पट्टी आणली, आकार कापला, दोरी चढवली. वीस-बावीस इंचांपर्यंत ओढ आली आणि धनुष्य कडकन मोडलं. दुसरी पट्टी आणली, या वेळी जास्त जपून काम केलं, तरी तेच झालं. कमी खर्चात पहिलं धनुष्य करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे आणि दोष बहुतेक वेळा लाकडावर जातो. लाकूड खराब असतंही, नाही असं नाही. पण खरं नुकसान मोडण्याच्या बरंच आधी झालेलं असतं. एक तर पट्टी निवडताना, किंवा एकाच जागी जास्त वाकणारं धनुष्य तसंच आणखी दोन इंच ओढून बघताना.

म्हणून मोडलेले तुकडे चुलीत घालू नका. पुढची पट्टी आणण्याआधी त्यांच्याकडून जे कळतं ते कळून घ्या.

शब्द आधी पक्के करू. ओढताना तिरंदाजाकडे असते ती बाजू म्हणजे पोट आणि लक्ष्याकडे असते ती पाठ. ओढल्यावर पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग म्हणजे भुजा. जाड मुठीकडून पातळ भुजेकडे जाताना जो पाच-एक सेंटिमीटरचा तिरपा भाग येतो तो उतार. दोरी किती इंच मागे येते ती ओढ, आणि तेवढ्या ओढीला काट्यावर जे पौंड दिसतात ते वजन. पोटाकडचं लाकूड थोडं थोडं काढत दोन्ही भुजा सारख्या वाकवत नेण्याच्या कामाला टिलरिंग म्हणतात.

मोड कशी आहे?

लांब, तिरकी मोड. भुजेच्या एका कडेला सुरू होऊन दहा-वीस सेंटिमीटर तिरकी जात दुसऱ्या कडेला बाहेर पडते. तुकडे उजेडात धरले की मोड लाकडाच्या रेषेवरूनच, म्हणजे तंतू ज्या दिशेने जातात त्या रेषेवरूनच गेलेली दिसते. म्हणजे रेषा पट्टीला समांतर नव्हती, कडेबाहेर पळत होती. तंतू तिथे तुटले नाहीत, एकमेकांपासून सुटले. अशी पट्टी कितीही चांगल्या टिलरिंगने वाचली नसती. इथे सुधारायची आहे ती निवड.

पाठीवर कपची उचलली गेली. धनुष्य पूर्ण मोडलेलं नसतं, पण पाठीवर एक पातळ सालपट उभं राहिलेलं दिसतं. कपची पाठीच्या कडेला असेल तर कडा धारदार राहिल्या होत्या, किंवा तिथे कानशीचा ओरखडा होता. मधोमध असेल तर पुन्हा रेषाच बाहेर पळत होती.

आखूड मोड. गाजर मोडल्यासारखी, जवळजवळ काटकोनात, लांब तंतू न सुटता. लाकूड फार सुकलेलं आहे, किंवा मुळातच ठिसूळ आहे, किंवा आतून कुजायला लागलेलं आहे. हे आधीच ओळखायची फुकटची चाचणी आहे. आकार कापताना उरलेल्या फाळक्यातून बोटभर रुंद, 6 मिमी जाड, 30 सेंमी लांब काडी काढा आणि हाताने वाकवून मोडा. लांब, केसाळ ढलप्या निघाल्या तर लाकूड कामाचं. फटकन दोन स्वच्छ तुकडे झाले तर त्या पट्टीवर एक संध्याकाळही घालवू नका.

पोटावर आडव्या सुरकुत्या. नखाने लागतील इतक्या बारीक, भुजेला आडव्या रेषा. तिथले तंतू दाबाने चुरले आहेत. धनुष्य अजून जोडलेलं असेल, पण त्या जागी ते बिजागरासारखं वाकत होतं.

मोड उताराच्या अगदी टोकाशी. मूठ जिथे संपते तिथे जाडी एकदम पडली आहे. वाकण्याचा सगळा भार त्या एका बोटभर जागेवर आला.

आणि शेवटचा, सगळ्यांत जास्त दिसणारा प्रकार: रेषा सरळ, लाकूड चांगलं, तरीही मोड भुजेच्या मधेच कुठेतरी. या तुकड्याची जाडी व्हर्नियरने दर 5 सेंटिमीटरला मोजा आणि कागदावर आकडे उतरवा. मोडीच्या जागी आकडा 12 मिमी आणि दोन्हीकडे 13 मिमी असेल तर कारण हातात आलं.

एक मिलिमीटरने एवढं काय होतं?

हे समजलं की निम्म्या चुका टळतात, म्हणून इथे जरा थांबू. लाकडाचा ताठरपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात असतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. रुंदी निम्मी केली तर भुजा निम्मी ताठ राहते. जाडी निम्मी केली तर आठव्या हिश्शाइतकीच. 13 मिमीची जागा 12 मिमी झाली की तिथला ताठरपणा सुमारे 21 टक्क्यांनी उतरतो. शेजारचं लाकूड ताठच असल्यामुळे वाकण्याचं काम ही कमकुवत जागा एकटी करू लागते. त्याने तिथलं पोट आणखी चुरतं, जागा आणखी मऊ होते, आणि पुढच्या ओढीला ती आणखी जास्त वाकते. बिजागर असं स्वतःला वाढवत नेतं.

म्हणून रंधा आणि खरखरीत कानस यांचं काम सुरुवातीच्या आकारापुरतंच. दोरी चढल्यानंतर हातात फक्त स्क्रेपर, म्हणजे लाकूड पातळ खरवडणारं पातं घ्यावं, आणि तेही एका जागी तीन-चार फटक्यांच्या वर नाही. विकतचा स्क्रेपर नसेल तर जुन्या करवतीच्या पात्याचा तुकडा किंवा जाड पाठीची सुरी पोटावर काटकोनात धरून ओढली तरी काम होतं.

पट्टी निवडणं: इथे पैसा नाही, वेळ लागतो

स्वस्तात धनुष्य करायचा रस्ता म्हणजे साधी रंधलेली पट्टी: पाऊण इंच जाड, म्हणजे सुतारांच्या भाषेत 6 सूत, दीड इंच रुंद आणि सहा फूट लांब. लाल ओक, पांढरा ओक, हिकरी, ॲश, हार्ड मेपल ही पट्टीसाठी भरवशाची लाकडं. अवजारांच्या दांड्यांना वापरली जाणारी लवचीक, जड लाकडंही बघण्यासारखी असतात, धामण त्यातलंच. पाइनसारखी मऊ, हलकी लाकडं पहिल्या धनुष्याला घेऊ नका.

पट्टी चारही बाजूंनी बघा. रुंद बाजूवरच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रुळांसारख्या समांतर जायला हव्यात. एखादी रेषा कडेबाहेर जाणारच असेल तर शेवटच्या 15 सेंटिमीटरमध्ये जावी. तो भाग फारसा वाकत नाही. रुंद बाजूवर एकात एक बसलेले व्ही आकार किंवा ज्वाळांसारखी नक्षी दिसत असेल तर रेषा पाठीतून बाहेर येत आहेत. दिसायला ती पट्टी सगळ्यांत सुंदर असते आणि धनुष्याला सगळ्यांत वाईट. मग अरुंद बाजू बघा, तिथल्या रेषाही पाठीला समांतर हव्यात. गाठ एकही नको, टाचणीच्या डोक्याएवढीसुद्धा.

वार्षिक वलयांच्या रेषा आणि प्रत्यक्ष तंतू कधी कधी वेगळ्या दिशेने जातात. शंका वाटली तर पातळ शाईचा एक थेंब पट्टीवर टाका. शाई तंतूंच्या दिशेने पसरते आणि खरी दिशा दाखवते. ओकमध्ये बारीक तुटक छिद्रांच्या रेघा दिसतात, त्याही तीच दिशा सांगतात. टोकाच्या कापावर वलयं आडवी आहेत, उभी आहेत की तिरकी, याने फार फरक पडत नाही. सरळपणा महत्त्वाचा.

सारख्या मापाच्या पट्ट्यांमध्ये जड असेल ती उचला. आणि अख्खी थप्पी चाळून एकही पट्टी मनासारखी मिळाली नाही तर रिकाम्या हाताने परत या. "चालून जाईल" म्हणून घेतलेली पट्टीच वर सांगितलेली तिरकी मोड देते.

मापं, ज्यांच्याशी आपलं धनुष्य ताडून बघायचं

ओढ 28 इंच, वजन 30 ते 35 पौंड, मूठ ताठ. या पहिल्या धनुष्यासाठी लांबी ओढीच्या अडीचपट किंवा त्याहून थोडी जास्त, म्हणजे 70 ते 72 इंच ठेवा. आल्प्समध्ये 1991 साली बर्फात सापडलेल्या ओट्झी नावाच्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ यू लाकडाचं एक अर्धवट घडवलेलं धनुष्य होतं, त्याची लांबी सुमारे 182 सेंमी होती. लांबी ही लाकडाला दिलेली सवलत आहे. आखूड, देखणं धनुष्य दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला करता येईल.

मूठ 10 सेंमी, दोन्हीकडे उतार 5-5 सेंमी. उतारापासून भुजेच्या मध्यापर्यंत पूर्ण 38 मिमी रुंदी, तिथून टोकापर्यंत सरळ निमुळती होत 12 मिमी. जाडी सुरुवातीला उताराच्या पुढे 15 मिमी, टोकाशी 12 मिमी. मधे सरळ उतरती, कुठेही खड्डा नाही. ही टिलरिंगच्या आधीची मापं आहेत. काम संपेपर्यंत यातलं लाकूड जाणारच.

चारही कडा साधारण 3 मिमी त्रिज्येने गोल करा. पाठीच्या कडा तर दोरी चढवायच्या आधीच. पाठ पॉलिश पेपरने फक्त लांबीच्या दिशेने घासा. आडवा ओरखडा म्हणजे कपचीला दिलेलं निमंत्रण. टोकांना दोरी अडकवायच्या खाचा गोल कानशीने फक्त बाजूंना, 45 अंशांत तिरक्या करा, पाठीवर आडवी खाच कधीही नको. टोक खाचेपाशी तडकत असेल तर बहुधा हीच चूक झालेली असते.

ओलावा

लाकडात 8 ते 10 टक्के ओलावा असला की ते धनुष्याला योग्य. जास्त ओलं लाकूड मोडत नाही, पण बाक धरतं आणि ढिलं पडतं. 6 टक्क्यांच्या खाली गेलेलं लाकूड ताठ वाटतं, वजनही छान दाखवतं, आणि मग आखूड मोड देतं. ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर पट्टी घरातल्या काट्यावर रोज एकाच वेळी तोला. आठवडाभर वजन बदललं नाही म्हणजे लाकूड खोलीतल्या हवेशी जुळलं. हवेतली सापेक्ष आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकूड आपोआप 9 टक्क्यांजवळ येतं. दमट दिवसांत आणलेली पट्टी लगेच वाकवायला घेऊ नका. आणि घाईने सुकवण्यासाठी ती हीटरजवळ किंवा बंद गाडीत उन्हात ठेवू नका, त्याने वरचा थर जास्त सुकतो आणि आतला ओला राहतो.

बिजागर कसं ओळखायचं आणि काढायचं

डोळ्यांवर विसंबू नका. डोळा सवयीने चांगलंच बघतो. दोन साधनं घरी होतात.

पहिलं, भिंतीवर खडूने आडव्या-उभ्या रेघा मारून त्यासमोर धनुष्य टांगा, कप्पीतून दोरी काढून लांबून ओढा आणि फोटो काढा. मग तोच फोटो डावी-उजवी बाजू उलटवून बघा. उलट्या फोटोत नजर फसत नाही, दोष पटकन दिसतो.

दुसरं साधन ठोकळ्याचं. 15 सेंमी लांब, एक बाजू अगदी सपाट असलेला लाकडी ठोकळा घ्या, मधोमध छिद्र पाडून त्यात पेन्सिल घट्ट बसवा. दोरी चढवलेल्या धनुष्याच्या पोटावर सपाट बाजू ठेवा. पोट आत वाकलेलं असल्यामुळे ठोकळ्याच्या मध्याखाली फट दिसेल. जिथे फट सगळ्यांत मोठी, तिथे भुजा सगळ्यांत जास्त वाकते आहे. त्या जागी पेन्सिलीचं टोक पोटाला टेकणार नाही, इतपतच जरा वर राहील असं ठेवा आणि ठोकळा पूर्ण भुजेवरून सरकवा. जिथे फट कमी, म्हणजे भुजा ताठ, तिथे पेन्सिल आपोआप रेघ ओढते. रेघ उमटली तिथेच स्क्रेपर चालवायचा. उतार आणि शेवटचे 15 सेंटिमीटर वगळा, ते ताठच राहायला हवेत.

आता मुद्द्याचा नियम. बिजागराच्या जागी एक फटकाही मारायचा नाही. वाकणारी जागा दुरुस्त होत नाही, बाकीचं धनुष्य तिच्याइतकं वाकवायचं असतं. बिजागराच्या दोन्ही बाजूंनी, मग त्या भुजेच्या उरलेल्या भागातून, मग दुसऱ्या भुजेतून लाकूड काढत जा. वजन पडेल. 35 पौंडांचं स्वप्न 27 वर येऊ शकतं. ते मान्य करा. 27 पौंडांचं सरळ वाकणारं धनुष्य बाण मारतं, शिकवतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. वजन फारच पडलं तर दोन्ही टोकांकडून एक-एक इंच कापून नव्या खाचा करता येतात. त्याने काही पौंड परत मिळतात. पण हे बिजागर पूर्ण गेल्यावरच, कारण आखूड धनुष्यावर ताण वाढतो.

ओढ कधी वाढवायची?

पुन्हा पुन्हा मोडणाऱ्या धनुष्यांची खरी चूक बहुतेक वेळा इथेच असते.

जमिनीवर टोक टेकवून, मूठ दाबून दोन्ही भुजा आळीपाळीने वाकवून बघा. दोन्ही सारख्या, मोठ्या कमानीत वाकायला लागेपर्यंत दोरीचा विचारच नको. मग लांब दोरी लावा, पण धनुष्यापेक्षा थोडीशीच लांब, नुसती लोंबती राहील एवढीच. फार लांब दोरीवर भुजा खरोखर वाकते तशी दिसत नाही, आणि काटाही खोटं सांगतो. कप्पी आणि लटकता काटा लावून हळूहळू ओढा आणि ठरवलेल्या वजनाच्या पुढे कधीही जाऊ नका. 35 पौंडांचं धनुष्य करायचं असेल तर काटा 35 वर आला की थांबा, ओढ आठ इंच असो वा अठरा. टोकं पाच-सहा इंच मागे यायला लागली आणि कमान सारखी दिसली, की आखूड दोरी चढवा. आधी मुठीपासून 8-10 सेंमी अंतरावर, सगळं ठीक असेल तर मग 15 सेंमीवर.

इथून पुढे एकेक इंच. लाकूड काढा, आत्ताच्या ओढीपर्यंत 20 ते 30 वेळा हलकं ओढा, मग पुन्हा बघा. हे 30 वेळा ओढणं सोडू नका. काढलेल्या लाकडाचा परिणाम लगेच पूर्ण दिसत नाही. न ओढता पुन्हा घासत गेलात तर चार फेऱ्यांनंतर एकदम कळतं की भुजा फार पातळ झाली. दोष दिसत असताना पुढचा इंच ओढायचा नाही. यात सवलत नाही. पूर्ण ओढीला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका, फोटोसाठीसुद्धा.

एक तपासणी सांगायलाच हवी, कारण ती मोड यायच्या आधीच इशारा देते. 14 इंचांना काटा किती दाखवतो ते लिहून ठेवा, समजा 16 पौंड. मग 22 इंचांपर्यंत एकदा ओढा आणि परत 14 इंचांचं वजन बघा. लाकूड काढलेलं नसतानाही आकडा 15 वर आला, तर कुठेतरी पोट चुरायला लागलं आहे. ओढ वाढवणं तिथेच थांबवा आणि ठोकळा फिरवून जागा शोधा. हा आकडा स्थिर ठेवत 28 इंचांपर्यंत पोचलेलं धनुष्य क्वचितच मोडतं. शेवटच्या इंचाला वजन हव्या असलेल्या आकड्याच्या 2-3 पौंड वर असू द्या. अखेरच्या पॉलिश पेपरच्या घासाईत ते उतरतंच.

मोडत नाही, पण बाक धरतं

दोरी काढल्यावर धनुष्य पूर्ण सरळ होत नाही, हे स्वाभाविक आहे. टोकं मूळ रेषेपासून एक ते दोन इंच पोटाकडे झुकलेली राहिली तर काळजी नको. तीन इंचांच्या वर गेली तर काहीतरी चुकतंय. बाक कुठे आहे ते बघा. उताराजवळ असेल तर सगळ्यांत वाईट, कारण तिथला थोडासा कोनही टोकाशी मोठा होतो आणि बाणाचा वेग खातो. तिथली भुजा जास्त वाकत होती, टोकांकडची कमी. पूर्ण भुजेवर सारखा बाक असेल तर लाकूड ओलं होतं, किंवा हव्या त्या वजनासाठी भुजा अरुंद पडली. पुढच्या खेपेला जाडी वाढवू नका, रुंदी वाढवा. रुंदी दुप्पट केली तर वजन दुप्पट होतं आणि पोटावरचा ताण तेवढाच राहतो. जाडी वाढवली तर त्याच कमानीत ताण वाढतो.

मूठ सुटते

पाऊण इंची पट्टीला मुठीसाठी 20 सेंमीचा तुकडा पोटाकडून चिकटवावा लागतो आणि तो टक असा आवाज करून सुटतो. लोक गोंद बदलतात, पण दोष गोंदाचा क्वचितच असतो. मुठीखालची पट्टी वाकत असते आणि जोडलेला तुकडा वाकू शकत नाही. उपाय असा: तुकड्याची दोन्ही टोकं उतारावर कागदासारखी पातळ होत जावीत, त्याच्याखालची मूळ पट्टी पूर्ण 19 मिमी राहावी, आणि पट्टी पातळ व्हायला सुरुवात उतार संपल्यानंतरच व्हावी. चिकटवताना दोन्ही पृष्ठं सपाट हवीत. शिकंजे इतके आवळू नका की सगळा गोंद बाहेर पडेल, आणि 24 तास हात लावू नका. सुटलेली मूठ परत लावताना जुना गोंद पूर्ण खरवडून लाकूड उघडं करा, नव्या जोडाला इपॉक्सी वापरा.

हे सगळं टाळायचा स्वस्त मार्गही आहे. मूठ चिकटवूच नका. मधला भाग थोडा जाड ठेवून अख्खं धनुष्य इंग्रजी डी अक्षरासारखं मधूनही वाकू द्या. 72 इंचांच्या पट्टीत हे आरामात बसतं, आणि पहिल्या धनुष्यासाठी हाही प्रकार योग्य आहे.

भुजा पिळते, दोरी मुठीवरून जात नाही

भुजेच्या एका कडेचं लाकूड दुसरीपेक्षा पातळ आहे. पिळलेली भुजा कमकुवत कडेकडे झुकते. दोन्ही कडांची जाडी मोजा आणि जाड कडेचं पोट घासा. पीळ नाही, पण दोरी सरळ रेषेत मुठीच्या डावीकडून जाते आहे, असं असेल तर टोकाच्या शेवटच्या 10-15 सेंटिमीटरमध्ये डावीकडची रुंदी थोडी कमी करा, टोकाचा मध्य उजवीकडे सरकतो.

पाठीला आधार द्यावा का?

लिननचं कापड पाठीवर लाकडाच्या गोंदाने चिकटवलं, उभे धागे भुजेच्या लांबीत ठेवले, तर पाठीवरच्या कपच्या दबून राहतात. मोडलंच तरी तुकडे चेहऱ्याकडे कमी उडतात. पहिल्या धनुष्याला हे जरूर करा. पण वाईट रेषेची पट्टी कापडाने चांगली होत नाही. बांबूची 3 मिमी पट्टी पाठीला लावली तर ताण झेलायला ती उत्तम. मात्र ती इतकी ताकदवान असते की खालचं लाकूड कमजोर असलं तर पोटावर सुरकुत्या पडतात.

उचललेली कपची लहान असेल तर तिच्याखाली पातळ सुपर ग्लू सोडा, दाबून सुकवा, वरून दोन-तीन सेंटिमीटर घट्ट दोरा गुंडाळून त्यावर गोंद लावा, आणि ओढ दोन इंचांनी कमी ठेवा. पोटावरच्या सुरकुत्यांना असा इलाज नाही. शेजारचं लाकूड घासून तिथला ताण उतरवा आणि ते धनुष्य कमी ओढीचं म्हणून वापरा.

दोरी आणि पहिले बाण

दोरीची तुटण्याची ताकद ओढीच्या वजनाच्या निदान चौपट हवी. 35 पौंडांना 140 पौंड. नायलॉन ताणतं, त्यामुळे दोरी आणि मुठीतलं अंतर दर बाणागणिक बदलतं. पॉलिएस्टरचा मेण लावलेला दोरा घ्या. अगदी न ताणणारे आधुनिक दोरे पातळ टोकांना झटका देतात, ते पहिल्या धनुष्यावर नकोत.

टिलरिंगच्या वेळी डोळ्यांना चष्मा हवाच, आणि कप्पीची दोरी धनुष्याच्या समोर न राहता बाजूने ओढा. बाण न लावता दोरी कधीही सोडू नका, सगळी ऊर्जा भुजांमध्येच परत जाते. फार हलका बाणही तसाच मारक असतो. ओढीच्या दर पौंडाला बाणाचं वजन 10 ग्रेन हे प्रमाण धरलं तर 35 पौंडांना 350 ग्रेन, म्हणजे साधारण 23 ग्रॅमचा बाण.

पहिले 50 बाण दोन इंच कमी ओढीवर मारा. मग दोरी काढा, पाठीवरून कापसाचा बोळा हलका फिरवा. कुठे तंतू अडकला तर तिथे कपची उठायला लागली आहे. पोट उजेडात तिरकं धरून सुरकुत्या शोधा, 14 इंचांचं वजन पुन्हा काट्यावर बघा. आकडा तोच असेल तर पूर्ण ओढीवर जा, आणि शंभर बाणांनंतर हीच तपासणी परत करा.